गॅल्व्हस्टनच्या खाजणात ट्राउट आणि रेडफिश गरवताना

मी देवगडची. आजोबांच्या होडीत बसून गरवायला शिकले. बोटाला गुंडाळलेला तंगूस, शिशाचा गोळा आणि कोळंबी लावलेली गरी, एवढंच सामान असायचं. गेली सतरा वर्षं ह्यूस्टनच्या दक्षिण टोकाला राहते. इथून गॅल्व्हस्टन बेट गाडीनं पाऊण तासावर आहे. बेटाची एक बाजू मेक्सिकोच्या आखाताकडे, दुसरी वेस्ट बे नावाच्या खाडीकडे, आणि त्या खाडीच्या काठाकाठानं मैलोन् मैल खाजण पसरलेलं. आपल्याकडे असतात तशी तिवरं तिथे फारशी नाहीत, कमरेएवढं खारं गवत आहे आणि त्यातून वळत जाणारी व्हाळी. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी विचारतं, गरवायला यायचं तर सामान काय घ्यायचं? सामानाचं पुढे सांगते. आधी पाण्याचं सांगायला हवं, कारण पहिली दोन वर्षं मी रिकाम्या हातानं परतत होते ती सामानापायी नव्हे, इथलं पाणी न कळल्यामुळे.

पाणी केव्हा हलतं

आजोबांचा नियम एकच होता. "पाणी व्हावता काय ता आधी बघ, मगे गरी घाल." वाहतं पाणी कोळंबी, खेकडे, बारीक मासे आपल्याबरोबर आणतं आणि मोठा मासा एखाद्या कोपऱ्यावर तोंड करून उभा राहतो. पाणी थांबलं की त्याचं खाणंही थांबतं. हा नियम गॅल्व्हस्टनलाही तंतोतंत लागू पडतो. लागू पडत नाही ते आपलं गणित.

देवगडला तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दिवसात दोन भरत्या, दोन सुकत्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमजोर भरती. उधाणाला पाणी पुरुषभर चढतं आणि तेवढंच उतरतं. मी हेच डोक्यात घेऊन इथे आले. गॅल्व्हस्टनला बऱ्याच दिवशी भरती एकदाच येते आणि तीही जेमतेम फूट-दीड फुटाची. तिचा जोर अमावास्या-पौर्णिमेवर नाही, चंद्र विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलाय त्यावर ठरतो. चंद्र लांब सरकलेला असेल तेव्हा पाणी चांगलं हलतं. विषुववृत्तावर असेल त्या दिवसांत पाणी जवळपास जागचं हलत नाही, मग पौर्णिमा का असेना.

आणि फूटभराची भरती वारा सहज मोडून काढतो. मला हे कळलं ते एका नोव्हेंबरात. तक्त्यात सकाळी सातला पूर्ण भरती लिहिलेली. मी अंधारात पोचले, उजाडलं आणि समोर नुसता चिखल. कालवांचे ढीग उघडे पडलेले, बगळे चालत होते. आदल्या रात्री उत्तरेचा थंड वारा सुटला होता आणि त्यानं खाडीतलं पाणी आखातात लोटून दिलं होतं. उलट, आग्नेयेचा वारा दोन दिवस जोरात वाहिला की तक्त्यात सुकती असली तरी पाणी गवतात शिरलेलं सापडतं.

म्हणून निघायच्या आदल्या रात्री मी एक काम न चुकता करते. गॅल्व्हस्टनच्या पिअर २१ वर भरती मोजायचं केंद्र आहे, १९०४ पासून तिथे नोंदी होत आल्या आहेत. अमेरिकन सरकारच्या नोआ या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या केंद्राचा आलेख दिसतो. त्यात एक रेघ गणितानं काढलेल्या भरतीची असते, दुसरी प्रत्यक्ष मोजलेल्या पाण्याची. दोन रेघांमधलं अंतर हे मुख्यतः वाऱ्याचं काम. प्रत्यक्ष रेघ वर असेल तर गवताच्या काठाला जा. खाली असेल तर व्हाळीच्या तोंडाशी आणि खोल पाण्यात जा. दोन्ही रेघा आडव्या असतील तर मी झोपते आणि दुसऱ्या दिवशी बघते. पिअर २१ समुद्राच्या तोंडापाशी आहे, आतल्या खाजणात पाणी काही तास उशिरा पोचतं, हेही धरून चाला.

मासे ओळखीचे आहेत

स्पेकल्ड ट्राउट हा नावाचाच ट्राउट. डोंगरातल्या ट्राउटशी त्याचं नातं नाही. तो आणि रेडफिश दोघेही आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातले. घोळीच्या भोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, सोन्याचा भाव का येतो ते किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. याच भोताच्या जोरावर या कुळातले बहुतेक मासे आवाज काढतात. रेडफिश हातात धरलात की पोटातून गुरगुर ऐकू येते, तळव्याला थरथर जाणवते. पहिल्यांदा ती जाणवली तेव्हा मला आजोबांची होडी आठवली, तळाशी पडलेले ढोमे असेच करकरायचे.

ट्राउट चंदेरी, पाठीवर काळे ठिपके, वरच्या जबड्यात समोर दोन सुळे आणि तोंडाचं कातडं इतकं नाजूक की ओढाल तर फाटून गरी बाहेर येते. रेडफिश तांब्याच्या रंगाचा, जाड खवल्यांचा, शेपटीच्या मुळाशी काळा डोळ्यासारखा ठिपका. त्याचं तोंड खाली वळलेलं, कारण तो तळाला हुंगत खेकडे आणि कोळंबी शोधतो. वागणं मला जिताड्याच्या जवळचं वाटतं. काठ, कोपरा, अडोसा सोडून तो फार लांब जात नाही. ट्राउट मात्र थव्यानं फिरतो, आज इथे तर उद्या अर्ध्या मैलावर.

कुठे उभं राहायचं

नवख्या माणसानं सुरुवात गॅल्व्हस्टन आयलंड स्टेट पार्कच्या खाडीकडच्या बाजूनं करावी. टेक्सासच्या राज्य उद्यानांत काठावरून गरवायला परवाना लागत नाही, फक्त उद्यानाचं प्रवेशशुल्क भरायचं. मासे किती आणि केवढे ठेवायचे याचे नियम मात्र तिथेही तेच.

पाणी उतरत असेल तर गवतातून बाहेर येणाऱ्या व्हाळीचं तोंड शोधा. आतलं सगळं पाणी तिथून निघतं आणि कोळंबीला, पोरसवद्या खेकड्यांना दुसरी वाट नसते. तोंडाच्या अगदी समोर उभं राहू नका, बाजूला दहा-पंधरा पावलांवर राहा आणि गरी प्रवाहाच्या वर टाकून पाण्याबरोबर खाली येऊ द्या. कोळंबी पोहत येते तशीच ती आली पाहिजे. पाणी चढत असेल तर गवताच्या कडेनं हळू चालत जा. वीतभर पाण्यात रेडफिश डोकं खाली घालून तळ उकरतो तेव्हा त्याची शेपटी पाण्याबाहेर हलताना दिसते. सकाळच्या तिरप्या उन्हात ती शेपटी तांब्याच्या भांड्यासारखी चमकते. मला आजही ती दिसली की हात थरथरतात.

बोय मासे इथे ढिगानं. एखादा बोय उगाच उडी मारतो, त्याकडे लक्ष देऊ नका. पण बोयांचा घोळकाच्या घोळका एकदम फुटला, पाण्यावर कोळंब्या टपटप उडू लागल्या, तर खाली कुणीतरी आहे. शरद ऋतूत समुद्री पाखरं एका जागी घिरट्या घालून खाली झेपावत असतात. पांढरी कोळंबी खाजणातून आखाताकडे निघालेली असते, खालून ट्राउट तिला वर ढकलतात आणि वरून पाखरं टिपतात. होडी असेल तर त्यांच्यावर चालून जाऊ नका, वाऱ्याच्या वरच्या अंगाला इंजिन बंद करा आणि वाहत या. आणखी एक खूण इथल्या जुन्या माणसानं मला दाखवली. पाण्यावर तेलकट गुळगुळीत चट्टा उमटतो आणि हवेत कापलेल्या कलिंगडासारखा वास येतो. ट्राउट खाताना आणि ओकताना जे तेल वर येतं त्याचा तो वास. चट्टा लहान असेल तर मासे अगदी जवळ आहेत, पसरलेला असेल तर वाऱ्याच्या उलट दिशेला शोधा.

चालताना पाय उचलून टाकू नका. पाय तळाला घासत चला. तळात पाकटं वाळू अंगावर ओढून पडलेली असतात. घासत आलात की ती आधीच सरकून जातात, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा घोट्यात घुसतो. गरीला शिंगाळाही लागेल, त्याचे तीन काटे तुम्हाला माहीत असतीलच. मला एकदा अंगठ्यात लागला होता. सोसेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला तेव्हाच कळ उतरली, पाकटाच्या काट्यालाही पहिला उपाय तोच, आणि मग डॉक्टर. कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात म्हणून जाड तळाचे बूट हवेतच. उन्हाळ्यात कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू वाढतात. अंगावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नका. पाण्यात कापलं तर लगेच बाहेर या, साबण आणि स्वच्छ पाण्यानं धुवा, आणि काही तासांत लाली किंवा सूज पसरू लागली तर थेट इमर्जन्सी गाठा आणि खाऱ्या पाण्यात कापल्याचं स्पष्ट सांगा. मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्यांनी हे फार गांभीर्यानं घ्यावं.

सामान

सात फुटी मध्यम ताकदीची काठी, २५०० किंवा ३००० आकाराचं स्पिनिंग रीळ, त्यावर १५ ते २० पौंडांची विणलेली दोरी. टोकाला दोन फूट २० पौंडी फ्लुरोकार्बन, म्हणजे आपल्या तंगुसाचाच पाण्यात न दिसणारा भाऊ. दोन्हींची गाठ डबल युनी. यापेक्षा जास्त काही लागत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

पहिल्या दिवसासाठी पॉपिंग कॉर्क घ्या. हा पोकळ तोंडाचा तरंगता बोंडा, तारेवर मणी घातलेले. त्याच्याखाली दीड ते दोन फुटांवर पाव औंसाची शिशाच्या डोक्याची गरी आणि तिच्यावर रबरी कोळंबी. टाका, ढिली दोरी गोळा करा, काठीच्या टोकानं एक छोटा झटका द्या. "ठप्प" असा आवाज येतो, मासा खाताना पाण्यावर होतो तसा. आता दहा आकडे मोजा. पुन्हा झटका. ट्राउट बहुतेक वेळा झटक्यानंतरच्या शांततेत घेतो, आणि नवखा माणूस नेमकी तीच शांतता मोडतो. माझ्या मुलीला मी "एक... दोन..." मोठ्यानं मोजायला लावलं तेव्हा तिला मासा लागायला लागला.

जिवंत कोळंबी काठावरच्या दुकानांत मिळते. डोक्यावरच्या करवतीखालून गरी आडवी घाला, आत दिसणारा काळा ठिपका चुकवा, नाहीतर कोळंबी तिथेच मरेल. उथळ पाण्यात, गवताच्या कडेला, मी कॉर्क काढून सोनेरी चमचा लावते, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं चकचकीत आमिष, गवतात न अडकणारं. शेपटी दिसली की तिच्यापलीकडे चार-पाच फूट टाकायचा आणि रेडफिशच्या तोंडासमोरून सावकाश आणायचा. डोक्यावर पडला तर तो चिखलाचा ढग उडवून निघून जातो आणि आजूबाजूच्या दहांना घेऊन जातो.

बोंडा बुडाला की ट्राउटला हिसका देऊ नका. दोरी ताणा, काठी उचला, रीळ फिरवत राहा, ब्रेक सैल ठेवा. जवळ आल्यावर तो पाण्यावर डोकं झाडतो, तेव्हाच तोंड फाटतं, म्हणून काठी खाली झुकवा आणि जाळीत घ्या. रेडफिश लागला तर तुम्हाला काही ठरवायचं नसतं. तो जाईल. जाऊ द्या. काठी वर, बोटं रिळापासून लांब, आणि तो थांबला की मग दोरी परत मिळवा.

कधी

ऑक्टोबर-नोव्हेंबर. बाकीचं थोडक्यात सांगते. वसंतात आग्नेयेचा वारा पाणी गढूळ करतो, वाऱ्याच्या आडोशाचा काठ शोधावा लागतो. उन्हाळ्यात उजाडायच्या आत पाण्यात असा आणि दहाला बाहेर या. हिवाळ्यात मासा खोल चिखलाच्या तळाला सुस्त पडतो, सगळं अर्ध्या वेगानं करा. शरदात मात्र पाणी उतरत जातं, थंड होतं, कोळंबी निघते आणि ट्राउट-रेडफिश दोघेही हिवाळ्याआधी पोट भरून घेतात. त्यातही थंड वारा यायच्या आदल्या दिवशी, आग्नेयेचा वारा पाणी भरत असताना, सुट्टी टाकून जावं असं मासे खातात. वारा आला की पहिला दिवस घरी बसा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऊन पडलं की दुपारी व्हाळीच्या खोल वळणांवर जा, सगळे तिथे गोळा झालेले असतात.

किती ठेवायचे

उद्यानाबाहेर गरवायचं तर टेक्सासचा मासेमारी परवाना आणि त्यावर खाऱ्या पाण्याची मान्यता, दोन्ही लागतात. १७ वर्षांखालच्या मुलांना परवाना लागत नाही. रेडफिश २० ते २८ इंचांमधला, दिवसाला तीन. ट्राउट १५ ते २० इंचांमधला, दिवसाला तीन. तोंड मिटून, शेपटीची टोकं एकत्र दाबून लांबी मोजायची. पाण्यावर असेपर्यंत डोकं-शेपूट कापायचं नाही. मोठ्या माशांसाठी परवान्याबरोबर वेगळे टॅग असतात, पण मी ते वापरत नाही. लुइझियानात हद्दीपलीकडे आकडे वेगळे आहेत, आणि नियम बदलतात, म्हणून दरवर्षी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफची पुस्तिका बघूनच निघा.

आपल्यातले काही जण तीनच मासे म्हणून कुरकुर करतात, त्यांना मला मनापासून सांगायचंय. फेब्रुवारी २०२१ च्या गोठवणाऱ्या थंडीत टेक्सासच्या किनाऱ्यावर किमान ३८ लाख मासे मेले असा याच खात्याचा अंदाज आहे. मी त्या आठवड्यानंतर काठावर गेले होते, गवतात अडकलेले ट्राउट बघून परत आले. ट्राउटची मर्यादा २०२४ मध्ये पाचाची तीन झाली. दोन फुटांच्या वरचा ट्राउट जवळपास नेहमी मादी असते, आणि लहान मादीपेक्षा ती कितीतरी जास्त अंडी घालते. रेडफिशचंही तसंच, २८ इंचांच्या आसपास तो जाणता होतो आणि खाजण सोडून आखातात जातो. तिथे तो चाळीस वर्षं जगू शकतो. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लीन्सचे शेफ पॉल प्रुडोम यांचा मसाल्यात काळा भाजलेला रेडफिश देशभर गाजला आणि आखातातले मोठे मासे जाळ्यांनी इतके उपसले गेले की सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली. टेक्सासनं त्याआधीच, १९८१ मध्ये, आपल्या पाण्यातला रेडफिश आणि ट्राउट विकायला बंदी घातली होती. तुम्ही गरवलेला मासा शेजाऱ्याला देऊ शकता, विकू शकत नाही.

सोडायचा मासा ओल्या हातानं धरा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. पोटाखाली हात द्या, जबड्याला उभा टांगू नका. गरीचा उलटा काटा घरीच पकडीनं दाबून टाकला असेल तर गरी क्षणात निघते. पाण्यात धरून ठेवा, तो स्वतः हाताबाहेर जाईपर्यंत.

घरी आल्यावर

ट्राउटचं मांस मऊ असतं, बर्फात ठेवायला उशीर केलात तर चिखल होतो. पकडल्या पकडल्या बर्फात घाला आणि त्याच दिवशी खा. मांसात पांढऱ्या दोऱ्यासारखे किडे दिसले तर घाबरू नका, ते ओढून काढा, शिजल्यावर त्यांचा काही अपाय नाही. मी तुकड्यांना मीठ, हळद, घरचा मसाला आणि कोकमाचं आगळ लावते, रव्यात घोळवते आणि मंद आचेवर तळते. सुरमईपेक्षा हलका लागतो.

रेडफिश मात्र खवले न काढता. पाठीकडून दोन फाळी काढा, कातडी आणि खवले तसेच राहू द्या. मांसाच्या बाजूला आलं-लसूण, हिरवी मिरची, आगळ आणि चार तिरफळं ठेचून लावा, अर्धा तास ठेवा. मग ग्रिलवर खवल्यांची बाजू खाली, झाकण बंद, बारा ते पंधरा मिनिटं. उलटायचा नाही. खवले करपून कडक होतात आणि मांस त्यांच्यावर वाफेत शिजतं. चमच्यानं वर उचललंत की ते आपोआप सुटून येतं.